चिकित्सेचे चार पाद : क्षयरोगाच्या इतिहासातील एक धडा

प्रभासक्षेत्रीच्या सोमनाथाची कथा आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. दक्ष प्रजापतीने आपल्या सत्तावीस कन्या चंद्रास दिल्या. परंतु चंद्राचे सारे लक्ष एकट्या रोहिणीवर. उपेक्षित कन्यांनी पित्याकडे गाऱ्हाणे नेले, दक्ष कोपला आणि चंद्राच्या अंगी यक्ष्मा शिरला. राजास जडलेला रोग, म्हणून तो राजयक्ष्मा. प्रभासतीर्थी शंकराची आराधना केल्यावर चंद्राच्या कळा परत आल्या असे पुराणे सांगतात. चरकसंहितेत हीच कथा थोड्या फरकाने येते आणि चंद्रास बरे करण्याचे श्रेय तेथे अश्विनीकुमारांकडे जाते.

त्याच चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, नवव्या अध्यायात, चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण, असे एकूण सोळा. वैद्याने शास्त्र नीट जाणलेले असावे, पुष्कळ रोगी पाहिलेले असावेत, तो दक्ष व शुचिर्भूत असावा. औषध पुरेसे मिळणारे, रोगास योग्य, अनेक प्रकारे देता येण्याजोगे आणि कस न गमावलेले असावे. परिचारकास शुश्रूषेचे ज्ञान, चपळाई, रोग्याविषयी ममता व स्वच्छता हवी. रोग्यापाशी काय हवे? स्मरण, सांगितल्याप्रमाणे वागण्याची तयारी, निर्भयता आणि आपल्या दुखण्याची हकीकत नीट सांगता येणे. या चौघांत चरकाने वैद्यास प्रमुख मानले आहे. माती, दांडा आणि चाक असले तरी कुंभारावाचून घट होत नाही, हा त्याचा दृष्टांत.

आपल्या पूर्वजांस सर्व आधुनिक शोध ठाऊक होते, असा दावा आम्हांस करावयाचा नाही. क्षयाच्या जंतूची चरकास कल्पना असणे शक्यच नव्हते. परंतु गेल्या ऐंशी वर्षांत क्षयावरील औषधांचे काय झाले हे मोजावयास या चार पादांइतके सोपे माप आम्हांस दुसरे आढळले नाही. औषध या एका पादावर सारा भार टाकला, तेव्हा ते औषध हातचे गेले. चारही पादांनी भार वाहिला, तेव्हा तेच औषध तारक ठरले. हा इतिहास तपशिलाने सांगण्याचा येथे आमचा हेतू आहे.

औषधापूर्वीचा काळ

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जगापुढे ठेवला. शत्रू दिसला, परंतु त्यास मारण्याचे शस्त्र पुढील साठ वर्षे कोणाच्याच हाती नव्हते. मोकळी हवा, संपूर्ण विश्रांती आणि सकस अन्न एवढीच काय ती चिकित्सा. आमच्याकडे पाचगणी, मिरज येथील क्षयरुग्णालये याच समजुतीतून उभी राहिली. ज्यांस परवडे ते हवापालटास जात. ज्यांस परवडत नसे त्यांची खाट पडवीत पडे, ताटवाटी निराळी होई, आणि घरात विवाहयोग्य मुली असल्या तर दुखण्याचे नावही उच्चारले जात नसे. त्या काळात वैद्य होता, परिचारक होता, रोगी तर होताच. नव्हते ते औषध. तीन पायांची चौरंगी जशी कलती राहावी, तशी ती चिकित्सा होती.

चौथा पाय मिळाला तो मातीतून. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शाट्झ या तरुण विद्यार्थ्याने १९४३ च्या ऑक्टोबरात मातीतील एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसीन वेगळे केले. जानेवारी १९४४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. ते क्षयाच्या रोग्यास उपयोगी पडेल काय, हे मात्र मातीचा अभ्यास करणारे सांगू शकत नव्हते. ते काम मेयो क्लिनिकमधील दोघांनी केले : विल्यम फेल्डमन आणि कॉर्विन हिन्शॉ. हिन्शॉ हे माणसांचे डॉक्टर, तर फेल्डमन हे पशुवैद्य. फेल्डमन यांस जनावरांच्या क्षयाचा दीर्घ अनुभव होता. गिनीपिगांवरील प्रयोग कसे योजावेत हे त्यांस पक्के ठाऊक होते. प्राण्यांत औषधाचा गुण दिसल्यावर १९४४ च्या अखेरीस मिनेसोटातील एका तरुण स्त्रीस ते देण्यात आले. पशुवैद्य व मनुष्यवैद्य एका मेजाशी बसले म्हणूनच हे एवढ्या लवकर घडले.

या सहकार्याच्या कथेस एक कडू बाजूही आहे. शोधाच्या श्रेयावरून गुरुशिष्यांत न्यायालयीन वाद झाला. १९५० च्या तडजोडीने शाट्झ यांस सहशोधक म्हणून मान्यता मिळाली, परंतु १९५२ चा नोबेल पुरस्कार एकट्या वाक्समन यांस गेला. काम अनेकांचे आणि नाव एकाचे, हा प्रकार विज्ञानातही नवा नाही.

औषधाचा विजय आणि पराभव

युद्धोत्तर इंग्लंडात स्ट्रेप्टोमायसीन फार थोडे मिळत असे. जे होते ते कोणास द्यावे? ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेने संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्या सल्ल्याने एक नवी पद्धत स्वीकारली. गंभीर फुफ्फुसक्षयाचे १०७ रोगी निवडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. ५५ जणांस विश्रांतीबरोबर औषध दिले आणि ५२ जणांस केवळ विश्रांती. रोगी कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरांच्या मर्जीवर सोडले नाही. अहवाल ऑक्टोबर १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत औषधाच्या गटातील ४ दगावले, दुसऱ्या गटातील १४. जगभर आनंद झाला, आणि तो योग्यच होता.

पण पाच वर्षांनी त्याच रोग्यांचा हिशेब पाहिला तेव्हा औषधाच्या गटातील ३२ आणि विश्रांतीच्या गटातील ३५ मृत्यू पावलेले होते. आरंभीचा एवढा मोठा फरक जवळजवळ पुसून गेला होता. असे का व्हावे?

कारण त्याच प्रयोगात हाती आले होते. औषध घेणाऱ्या रोग्यांच्या थुंकीतील जंतू आरंभी स्ट्रेप्टोमायसीनने मरत. काही आठवड्यांनी मरेनासे झाले. ज्यांची अशी तपासणी झाली त्यांतील बहुतेकांत हाच प्रकार आढळला. या विषयावरील निबंध १९४८ सालीच दोघांनी मिळून लिहिला : रोग्यांस पाहणारे जॉन क्रॉफ्टन आणि जंतूंस पाहणारे डेनिस मिचिसन. ही दोन नावे वाचकांनी ध्यानात ठेवावीत. पुढे ती पुन्हा यावयाची आहेत.

जंतू औषधास दाद देईनासा होतो म्हणजे काय, हे येथेच सांगितले पाहिजे. पुष्कळांस वाटते की रोग्याच्या शरीरास औषधाची सवय होते. तसे नाही. क्षयाने पोखरलेल्या फुफ्फुसात कोट्यवधी जंतू असतात. त्यांची वीण चालू असता लाखांत किंवा दहा लाखांत एखादा जंतू जन्मतःच असा निपजतो की, त्यावर विशिष्ट औषध चालत नाही. औषध नसते तेव्हा हा एकटा इतरांच्या गर्दीत हरवलेला असतो. एकच औषध देऊ लागलो की बाकीचे मरतात, आणि मोकळ्या झालेल्या रानात या एकाचीच प्रजा वाढते. शेतकऱ्याने खुरपणी करावी आणि नेमके तणच मागे ठेवावे, तसा हा प्रकार. रोग्यास प्रथम बरे वाटते, मग तो पुन्हा खोकू लागतो. आणि आता तो जे जंतू दुसऱ्यास देतो, ते प्रतिरोधी असतात. म्हणजे एकाच्या चिकित्सेतील चूक दुसऱ्याच्या घरात जाऊन बसते. इतर बहुतेक रोगांत चुकीच्या औषधाचे फळ ज्याचे त्यास भोगावे लागते. येथे ते शेजाऱ्यास भोगावे लागते.

दोन, आणि मग तीन

उपाय याच हिशेबात दडलेला होता. दहा लाखांत एक जंतू पहिल्या औषधास दाद देत नसेल आणि दहा लाखांत एक दुसऱ्यास, तर दोहोंस दाद न देणारा जंतू दहा लाख गुणिले दहा लाख एवढ्यांत एखादाच. तेव्हा दोन औषधे एकदम द्यावीत, म्हणजे एकातून सुटलेला दुसऱ्याच्या हाती सापडेल. स्वीडनमध्ये यर्गेन लेमान यांनी पॅरा-अमिनो-सॅलिसिलिक आम्ल, म्हणजे संक्षेपाने ‘पॅस’, हे औषध सिद्ध करून १९४६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. ब्रिटिश परिषदेने स्ट्रेप्टोमायसीन व पॅस एकत्र देऊन पाहिले. १९५० च्या निष्कर्षांप्रमाणे, एकटे स्ट्रेप्टोमायसीन घेणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश रोग्यांत प्रतिरोधी जंतू निघाले; दोन्ही औषधे घेणाऱ्यांत हे प्रमाण दहांत एकाच्या आसपास आले.

१९५२ साली आयसोनियाझिड हे तिसरे औषध पुढे आले. हा पदार्थ १९१२ मध्येच प्राग येथे तयार झाला होता. चाळीस वर्षे त्याचा गुण कोणास कळला नाही आणि मग तीन कंपन्यांस तो एकाच सुमारास उमगला. ते स्वस्त होते व तोंडाने घेता येई. चरकाने औषधाच्या गुणांत विपुलता आणि अनेक प्रकारे देता येणे यांस स्थान दिले आहे ते किती यथार्थ, याचा प्रत्यय येथे येतो.

त्याच १९५२ साली क्रॉफ्टन एडिनबरो विद्यापीठात क्षयरोगाचे प्राध्यापक म्हणून गेले. शहरात क्षयाचा जोर मोठा होता आणि रुग्णालयातील खाटेसाठी शेकडो रोगी वाट पाहत होते. क्रॉफ्टन यांनी नवे औषध असे एकही शोधले नाही. त्यांनी तीन ज्ञात औषधे आरंभापासून एकत्र दिली आणि निरनिराळ्या रुग्णालयांतील सहकाऱ्यांस एकाच धोरणावर आणले. जंतुशास्त्रज्ञांस त्यांनी रोजच्या चिकित्सेत भागीदार केले. रोग्याचे जंतू कोणत्या औषधास दाद देतात हे प्रयोगशाळेने सांगावे आणि डॉक्टरांनी त्याप्रमाणे औषधे योजावीत. औषध खरोखर पोटात जाते की नाही, यावर परिचारिकांचे लक्ष असे. सर्व रोगी बरे करता येतील असे या मंडळींनी म्हटले, तेव्हा इतर ठिकाणच्या तज्ज्ञांस ते खरे वाटले नाही. पुढे अनेक देशांत एकाच पद्धतीने प्रयोग करून पाहिल्यावर त्यांची खात्री पटली. १९५४ ते १९५७ या काळात एडिनबरोतील नव्या क्षयरोग्यांची नोंद निम्म्यावर आली.

मद्रासचा प्रयोग

परंतु एडिनबरो हे संपन्न देशातील शहर. भारतात त्या वेळी लाखो क्षयरोगी आणि त्या मानाने रुग्णालयांतील खाटा मूठभर. औषधे देशात होऊ लागावीत यासाठी १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला होता. पण कारखान्यातून निघालेली बाटली आणि रोग्याच्या पोटात नियमाने जाणारी मात्रा यांमधील अंतर कारखाना कापू शकत नाही.

हे अंतर कसे कापावे याचा शोध १९५६ साली मद्रास येथे सुरू झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश परिषद यांनी मिळून तेथे क्षयचिकित्सा केंद्र स्थापिले. वॉलेस फॉक्स त्याचे प्रमुख. जंतुशास्त्रातील सल्ला मिचिसन यांचा. प्रश्न साधा होता : गरिबांच्या दाटीच्या घरी, अपुऱ्या अन्नावर, रोगी औषध घेऊन बरा होईल काय? की त्यास रुग्णालयात नेलेच पाहिजे?

शहरातील १९३ गरीब रोगी निवडले. काहींस वर्षभर रुग्णालयात ठेवले. तेथे विश्रांती, उत्तम हवा, भरपूर आहार. उरलेले आपापल्या घरीच राहिले. औषधे दोघांसही तीच : आयसोनियाझिड आणि पॅस. १९५९ साली निष्कर्ष आले. वर्षाअखेर रुग्णालयातील शंभरांत ९२ आणि घरातील शंभरांत ८६ रोग्यांचा रोग शमला होता. एवढा अल्प फरक पाहून जगातील क्षयरुग्णालयांचा पायाच हादरला. पुढील दशकांत ती एकामागून एक बंद पडली किंवा अन्य कामास लागली.

मग घरच्यांचे काय? रोगी घरी राहिला तर मुलाबाळांस संसर्ग होईल, ही भीती स्वाभाविक होती. पाच वर्षे या कुटुंबांवर लक्ष ठेवले गेले. रोगी घरी राहिलेल्या कुटुंबांत, रोगी रुग्णालयात गेलेल्या कुटुंबांपेक्षा क्षय अधिक झाला नाही, असे आढळले. कारण योग्य औषध सुरू झाल्यावर रोग्याकडून होणारा संसर्ग लवकरच कमी होतो. हा अहवाल १९६६ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत प्रथम नाव एस. आर. कामत यांचे आहे, आणि कामत हे आडनाव आमच्या वाचकांस परके नाही. ताटवाटी निराळी करण्याच्या रूढीस शास्त्राने दिलेले हे उत्तर आहे असे आम्ही समजतो.

या यशामागे काय होते ते पाहणे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. पॅस हे औषध मात्रेने मोठे, चवीने वाईट, पोट बिघडविणारे. दोन-तीन महिन्यांत खोकला थांबला, ताप गेला, अंग भरले की रोग्यास ते नकोसे होई. फॉक्स यांनी हा प्रश्न प्रथमपासून ओळखला. म्हणून केंद्रातील आरोग्यसेविका रोग्यांच्या घरी जात, केव्हा केव्हा न कळवता जात, उरलेल्या मात्रा मोजत आणि तपासणीसाठी लघवीचा नमुना आणीत. औषध घेतले की नाही हे त्यावरून प्रयोगशाळेतील रसायनशास्त्रज्ञास कळे. घरात भांडण झाले काय, काम सुटले काय, गावी जावे लागले काय, अशा गोष्टींचाही विचार करावा लागे. जंतुशास्त्रज्ञ थुंकी तपासत, संख्याशास्त्रज्ञ नोंदी जुळवीत, आणि डॉक्टर या साऱ्यांचे ऐकून निर्णय घेत. कुंभार होताच; पण चाक फिरविणारे, माती मळणारे हातही तेथे तितकेच मोलाचे मानले गेले.

पुढे याच केंद्राने आणखी एक प्रयोग केला. रोज घरी औषध घेण्याऐवजी रोग्याने आठवड्यातून दोनदा यावे आणि परिचारिकेच्या देखत औषध घ्यावे. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचे फळ उत्तम निघाले. कोणाच्या तरी देखत औषध घेण्याची जी पद्धत पुढे जगभर गेली, तिचे एक प्रमुख उगमस्थान मद्रास होय. हे केंद्र आज राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था या नावाने चेन्नई येथे काम करीत आहे.

१९५९ साली बंगळूर येथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था निघाली आणि तीत डॉक्टर, परिचारिका व संख्याशास्त्रज्ञ यांच्या जोडीस समाजशास्त्राचा अभ्यास करणारेही आले. देबाबर बॅनर्जी व स्टिग अँडरसन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आढळले की, खेड्यातील क्षयरोग्यांपैकी निम्म्याहून अधिक जण आपण होऊन दवाखान्यात गेले होते. खेडुतास रोगाची जाणीव नाही, तो अडाणी आहे, ही शहरातील समजूत खोटी ठरली. रोग्याने आपली हकीकत सांगितली होती. खोकल्याचे औषध देऊन त्यास परत पाठविले ते ऐकणाऱ्यांनी.

माप चुकले तेव्हा

रिफॅम्पिसीनसारखी प्रभावी औषधे आल्यावर १९७० नंतरच्या प्रयोगांतून दीड-दोन वर्षांची चिकित्सा सहा महिन्यांवर आली. आता क्षय संपला, असा समज पसरला. औषध उत्तम, दुकानात मिळणारे, सोपे. मग इतर तीन पादांची काळजी कोण घेतो?

मुंबईत काय घडत होते हे दोन पाहण्यांवरून कळते. मुकुंद उपलेकर व त्यांचे सहकारी यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत धारावी परिसरातील सुमारे शंभर खाजगी डॉक्टरांनी क्षयासाठी तब्बल ८० निरनिराळ्या औषधयोजना लिहिल्या. जवळजवळ वीस वर्षांनी, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत १०६ डॉक्टरांनी ६३ प्रकार लिहिले. बिनचूक योजना केवळ सहा जणांची होती. आणि २०११ च्या अखेरीस मुंबईतीलच डॉक्टरांनी, तपासलेल्या सर्व औषधांस दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रोगी आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्यांतील तिघांवर अनेक डॉक्टरांकडून अनियमित औषधयोजना होऊन गेल्या होत्या.

जे डॉक्टर असे लिहीत होते ते सारे दुष्ट वा लोभी होते असे मानणे अन्यायाचे होईल. प्रत्येक जण एकटा होता, हे खरे कारण. त्याच्यापाशी प्रयोगशाळेचा निष्कर्ष नव्हता, रोग्याच्या घरी जाणारी आरोग्यसेविका नव्हती, पूर्वीच्या डॉक्टरांनी काय दिले याची नोंद नव्हती. औषधविक्रेता एकटा, रोगी एकटा. चौघेही होते, परंतु त्यांचा एकमेकांशी संबंध नव्हता.

आज या रोगाचे स्वरूप काय आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली जगात सुमारे ४ लाख लोकांस प्रमुख औषधांस दाद न देणारा क्षय झाला, आणि त्यांतील चौथ्या हिश्श्याहून अधिक भारतातील होते. यावर नव्या औषधांची सहा महिन्यांची योजना निघाली असून भारत सरकारने २०२४ साली ती स्वीकारली. पूर्वी अशा रोग्यास दीड ते दोन वर्षे, बहुधा इंजेक्शनांसह, काढावी लागत. ही मोठीच सोय आहे. पण स्ट्रेप्टोमायसीनची कथा ज्यांनी वाचली आहे त्यांस सांगावयास नको की, नवे औषधही एकाकी पडले तर त्याची गत तीच होईल.

आणि हा प्रश्न एकट्या क्षयाचा राहिलेला नाही. २०१९ साली जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू औषधप्रतिरोधी जिवाणूंमुळेच झाले, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. कोंबड्या व इतर प्राणी लवकर वाढावेत म्हणून त्यांच्या खाद्यात प्रतिजैविके मिसळण्याची चाल पडली होती. कॉलिस्टीन हे तर माणसाच्या असाध्य संसर्गावरील शेवटच्या उपायांपैकी एक; पशुखाद्यातील त्याच्या वापरावर भारताने २०१९ साली बंदी घातली. १९४४ मध्ये फेल्डमन आणि हिन्शॉ एकत्र बसले होते. पशुवैद्याने आणि मनुष्यवैद्याने पुन्हा तसेच एकत्र बसावे, अशी ही वेळ आहे.

चौथा पाद

देवाची पालखी निघते तेव्हा मूर्ती एक असते. पण खांदा देणारे भोई, पुढे चालणारा दिवटीवाला, वाजंत्री, पुजारी, प्रसादाची व्यवस्था पाहणारे आणि वाट मोकळी करणारे असे सारे असतात म्हणून उत्सव पार पडतो. कोणत्याही देवस्थानात यांतील एकाची सेवा खंडली की सर्वांस ते जाणवते. आमच्या वाचकांस सहकार्य म्हणजे काय, हे निराळे शिकविण्याची गरज नाही. आरोग्याच्या कामीही ते तसेच आहे, एवढे मात्र आपण विसरतो. तेथे आपण औषधाची मूर्ती पुजतो आणि बाकीच्या सेवेकऱ्यांस मोजीत नाही.

वैद्य, औषध आणि परिचारक हे तीन पाद बहुतांशी शासनाच्या व व्यवसायांच्या हातचे. चौथा पाद आपल्या हातचा. चरकाने रोग्याचे जे चार गुण सांगितले ते आजही पुरेसे आहेत. स्मरण म्हणजे मात्रा न चुकविणे. सांगितल्याप्रमाणे वागणे म्हणजे बरे वाटू लागल्यावर औषध आपल्या मनाने बंद न करणे, आणि शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या सर्दीपडशावर न घेणे. निर्भयता म्हणजे रोगाचे नाव लपवून न ठेवणे. आणि हकीकत सांगणे म्हणजे पूर्वी कोठे कोणती औषधे घेतली ते डॉक्टरांस मोकळेपणी सांगणे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी रुग्णालयांत क्षयाची तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात.

देवस्थानांच्या समित्यांसही येथे करण्याजोगे एक काम आहे. झारखंडात क्षयरोग्यांच्या कुटुंबीयांस पुरेसा शिधा देऊन केलेल्या अभ्यासात त्या कुटुंबांतील नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले. मद्रासच्या प्रयोगाने दाखविले होते की अपुऱ्या अन्नावरही औषध काम करते. हा नवा अभ्यास सांगतो की घरातील इतरांस रोगापासून वाचवावयाचे तर अन्न हवेच. नि-क्षय मित्र या शासनाच्या २०२२ पासूनच्या योजनेत कोणतीही संस्था क्षयरोग्याच्या आहाराचा भार उचलू शकते. अन्नदानाची परंपरा ज्या मंदिरांत शतकानुशतके चालत आली, त्यांस हे काम परके वाटू नये. महाप्रसादाच्या पंगतीतील काही पाने, ज्यास रोगामुळे पंगतीस येता येत नाही त्याच्या घरी दरमहा शिध्याच्या रूपाने पोहोचावीत. त्या शिध्याबरोबर, गोळ्या नियमाने घेतोस ना, एवढे विचारणारा एक माणूसही त्या घरी जावा. मद्रासच्या आरोग्यसेविका हेच विचारीत दारोदार फिरल्या होत्या.